भिंतीच्या आतलं रान

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो आवाजांच्या ठरलेल्या क्रमाने. आधी काकांचा खोकला, मग गोठ्यात म्हशीने साखळी ओढल्याचा आवाज, मग आई आणि काकी आळीपाळीने भाकऱ्या थापायच्या त्याची थाप, आणि ऊन अंगणात उतरलं की गावच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन. त्या काळी गिरणीच्या धुराड्यावर पत्र्याची एक टोपी बसवत आणि इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला ती टोपी उडून वाजायची. आमच्या गिरणीची टोपी एका अंगाला चेपलेली होती. त्यामुळे तीन ठोके नीट वाजायचे आणि चौथा घशात अडकल्यासारखा यायचा. पंचक्रोशीत अशी अडखळणारी गिरणी आमच्याच गावची. अनय, मीरा, तुमच्या घरी सकाळी कॉफीच्या यंत्राचा आवाज येतो ना, तसाच तो आमच्या अंगवळणी पडलेला आवाज होता. कुणी मुद्दाम ऐकायचं नाही, पण एक दिवस बंद पडला तर गाव कावरंबावरं व्हायचं.

माझे वडील सैन्यात होते, वर्षातून एकदा दोन महिन्यांच्या रजेवर यायचे. घरचा कारभार काकांकडे होता. तासगावच्या बाजूला नुकत्याच द्राक्षबागा उभ्या राहू लागल्या होत्या आणि काकांनीही ऊस थोडा मोडून दीड एकरात बाग लावली होती. तेव्हापासून त्यांचं निम्मं लक्ष आभाळाकडे असायचं. ढग आले की काका जेवताना बोलायचे नाहीत. बागेच्या वरच्या अंगाला डोंगर चढत जायचा, आणि त्या डोंगराला वेढा घालून, दोन पुरुष उंचीची, काळ्या दगडाची एक भिंत होती. भिंतीच्या आत संस्थानिकांच्या शिकारीचं जुनं रान होतं. संस्थान जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली होती, रान सरकारच्या जंगल खात्याकडे आलं होतं, पण आम्ही त्याला 'कोटाचं रान' म्हणायचो.

ती भिंत मी जन्मापासून पाहत आले होते, पण बाहेरून. कुणा राजाने ती बांधवली तेव्हा डोंगराभोवतीच्या गावांना तिची वाटणी करून दिली होती. ज्या गावाने जेवढी भिंत उभारली तेवढी त्या गावाने सांभाळायची. राजा गेला तरी ही रीत चालू राहिली, कारण भिंत ढासळली की रानडुकरं त्याच गावच्या उसात उतरायची. दसरा झाला की घरटी एक माणूस भिंतीला जायचा. आमच्या घरातून काका जायचे आणि दुपारची भाकरी घेऊन मी. दोन गावांच्या वाटणीच्या सांध्यावर भिंतीपेक्षा हातभर उंच असा एक उभा दगड असे, त्यावर ज्याच्या त्याच्या बाजूला ज्या त्या गावाची खूण. आमची खूण नांगराची. आमच्या डाव्या हाताला पणतीवाले, त्यांच्या पलीकडे मासेवाले आणि मग रानाचा धाकटा दरवाजा. उजव्या हाताला चंद्रकोरवाले. त्या गावांना खरी नावं होती, पण भिंतीच्या कामावर ती कुणी घ्यायचं नाही. "पणतीवाल्यांचं दगूड बघ, लाडवासारखं ठिवल्यात," असं काका म्हणायचे आणि पलीकडून उत्तर यायचं, "आवं नांगरवाले, आमचं लाडू टिकत्यात, तुमची भिंत दर साली बाळंत हुती."

आत काय आहे हे मात्र फक्त पुरुषांना ठाऊक. बायका आत गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्याला शास्त्र-बिस्त्र काही नव्हतं, कधी कुणी नेलं नव्हतं इतकंच.

मी अकरावीत होते तेव्हा आमच्या तालुक्याच्या शाळेत मगदूमबाई आल्या. सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याची मुलगी, वय पंचवीसही नसेल, फिकट रंगाच्या सुती साड्या, केसांची एक लांब वेणी, आणि चालणं असं की व्हरांड्यात पोरं बाजूला होत. त्या विज्ञान शिकवायच्या. दरवर्षी मुलांची सहल कोटाच्या रानात जाते आणि मुलींना त्या दिवशी सुट्टी मिळते, हे त्यांना कळलं तेव्हा त्या सरळ हेडसरांच्या खोलीत गेल्या. खोलीच्या खिडकीखाली आम्ही तिघी-चौघी उभ्या होतो.

हेडसर म्हणाले, "बाई, रान मोठं आहे. मुलींना काही झालं तर गावोगाव तोंड मला दाखवायचंय."

"मुलांना काही झालं तर कुणाला दाखवायचं असतं सर?" बाईंनी विचारलं.

मग हेडसरांनी अट घातली. मुली बाईंबरोबर थोरल्या दरवाजाने दहाला आत जातील. मुलं, सर आणि यंदा स्वतः हेडसर एका तासाने मागून येतील आणि चारला बाहेर पडतील. मुलींनी तीनच्या ठोक्याला धाकट्या दरवाजातून बाहेर पडलेलं असलं पाहिजे. पडल्या, तर दरवर्षी सहल. नाही पडल्या, तर ही पहिली आणि शेवटची, आणि पुन्हा हा विषय माझ्याकडे आणायचा नाही. बाई म्हणाल्या, "कबूल." खिडकीखाली शालनने माझ्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की तो वळ चार दिवस होता. शालन माझी मैत्रीण, मेंढपाळाची मुलगी, वर्गात सर्वांत उंच आणि सर्वांत तोंडाळ.

घरी काकांनी परवानगी दिली ती आभाळाकडे बघतच. "जा की. भिंत आतनं कशी दिसती तेवढं बघून यी. आमच्या बाजूचं कुठं फुगलं असंल तर सांग." काकीने आदल्या दिवशी दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि आईने मूठभर बेदाणे फडक्यात बांधून दिले. मी एक नवी वही घेतली. पहिल्या पानावर चौदा मुलींची नावं, दुसऱ्यावर वेळा लिहायच्या रेघा. तुमची आई माझ्या या वेळा टिपायच्या सवयीला हसते. पण सवय तिथली आहे, त्या वहीतली. बाईंनी मला सहलीची लेखनिक नेमलं होतं.

आणि नेमकं त्या दिवशी आभाळ भरून आलं. मार्गशीर्षात असे ढग येणं म्हणजे द्राक्षांवर रोग. काका बागेत निघून गेले होते. मी मात्र मनातून इतकी आनंदात होते की मला त्याची लाज वाटत होती.

थोरल्या दरवाजाला लोखंडी खिळे ठोकलेली सागाची दारं होती. तिथे पहारेकरी होते इमामचाचा, पांढरी दाढी, खाकी कोट. त्यांनी मुलींची रांग पाहिली आणि चष्मा काढून पुसला. "लेकी आल्या व्हय आज? या, या. तीस वरसात पयल्यांदा हे दार हसतंय बगा." मग त्यांनी वाट सांगितली आणि मी ती शब्दशः वहीत उतरवली: फरसबंदी वाट सोडायची नाही, शिकारीचा मनोरा, हत्तीचा हौद, मग महादेवाचं देऊळ. "देवळाला फेरी मारायची. फेरी पुरी करून दारात आलासा की डावं-उजवं बगू नका, नाकाम्होरं जी वाट दिसंल ती धरा. सरळ धाकट्या दरवाजात जाशीला."

आत पाऊल टाकलं आणि पहिली गोष्ट जाणवली ती थंडावा. धावडा, खैर, अंजन, मध्येच आवळ्याची झाडं, खाली आवळ्यांचा सडा. वाट दोन बैलगाड्या जातील एवढी रुंद, दगडांच्या फटीत शेवाळ. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. चौदा मुली एकदम गप्प बसल्याचं बाईंना नवल वाटलं असणार. मग मोर ओरडला, शालनने त्याची नक्कल केली, मोराने उत्तर दिलं, आणि सगळ्यांचा बांध फुटला. मनोऱ्याच्या एकवीस पायऱ्या आम्ही धावत चढलो. वर राजाच्या बसण्याचा दगडी ओटा होता. त्यावर प्रत्येकीने बसून पाहिलं. शालन मांडी ठोकून बसली आणि म्हणाली, "कोण हाय रं तिकडं? वाघ आना. आज भाकरीसंगट वाघच खाणार."

"आधी गणितात पास व्हा महाराज," बाई म्हणाल्या.

हत्तीच्या हौदात पाणी होतं आणि पाण्यापाशी एक भेकर. तांबूस, बकरीएवढं. त्याने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. वहीत मी लिहिलं आहे, 'अकरा वाजून चाळीस मिनिटं, भेकर'. त्याच्यापुढे काही लिहिलेलं नाही, कारण मी वही मिटून त्याच्याकडेच बघत राहिले. आम्ही हौदाच्या काठावर दशम्या खाल्ल्या, बाईंनी सांगलीहून आणलेलं भडंग वाटलं, आणि एक वाजता महादेवाच्या देवळापाशी पोचलो.

देऊळ ठेंगणं, काळं, झाडीत बुडालेलं. त्याच्याभोवती फरसबंदी. दर्शन घेऊन बाई इमामचाचांच्या सांगण्याप्रमाणे फेरी मारायला निघाल्या आणि आम्ही मागोमाग. देवळाच्या एका बाजूला गोमुख होतं, पिंडीवरचं पाणी बाहेर पडतं ती दगडी पन्हाळ. बाई ती ओलांडणार एवढ्यात मी जवळजवळ ओरडलेच. "बाई, थांबा. महादेवाचं गोमुख ओलांडत नाहीत."

तुम्हाला कुणी हे सांगितलं नसेल. इतर देवांना पूर्ण प्रदक्षिणा, पण महादेवाला अर्धी. गोमुखापर्यंत जायचं आणि आल्या पावली मागे फिरायचं. मला हे आईने चालायला शिकवतानाच शिकवलं होतं. बाईंच्या घरी ही रीत नव्हती. त्यांनी उचललेला पाय मागे घेतला. "मग इमामचाचा म्हणाले ती फेरी?"

"हीच की बाई. महादेवाची फेरी अशीच असते," मी म्हणाले. बाकी तेराजणींनी माना हलवल्या. आम्ही मागे फिरलो, दारात आलो, आणि नाकासमोर वाट होती. छान, रुंद, फरसबंदी. आम्ही ती धरली.

पुरी फेरी मारणारा माणूस दारात ज्या बाजूने येतो, त्याच्या बरोबर उलट बाजूने अर्धी फेरी मारणारा येतो. त्याचं नाक एकीकडे, आमचं दुसरीकडे. आज हे मी कागदावर दोन रेघा काढून तुम्हाला दाखवू शकते. त्या दिवशी आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात ते आलं नाही. इमामचाचा त्या देवळावरून रोज पाणी वाहायचे. त्यांच्या लेखी फेरी म्हणजे फेरी. आमच्या लेखी महादेवाला अर्ध्याहून जास्त फेरी असूच शकत नव्हती.

अर्ध्या तासात फरसबंदी संपली. मग पायवाट, मग पायवाटही बोरींच्या जाळीत शिरून नाहीशी झाली. बाई थांबल्या, घड्याळात पाहिलं. पावणेदोन. परत देवळाकडे वळलो तर वाटेला दोन फाटे दिसले. येताना दुसरा कुणाच्या लक्षात आला नव्हता. एक धरला, तो देवळापाशी निघेल असं वाटलं, निघाला नाही. ढगांमुळे ऊन नव्हतं, सावल्या नव्हत्या, दिशा कळायला काही मार्ग नव्हता. अडीच वाजले. खालच्या वर्गातल्या लहानग्या दोघी रडवेल्या झाल्या. शालनसुद्धा विनोद करेना. बाईंच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब आले होते, आणि मला एकदम कळलं की हरवण्याची भीती त्यांना नाही. खिडकीखालून आम्ही ऐकलेल्या त्या 'कबूल'ची आहे.

"विमल, वहीत काय लिहिलंयस ते पुन्हा वाच," त्या म्हणाल्या. मी वाचलं. 'फेरी पुरी करून' या शब्दांवर बोट ठेवून मी थांबले. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पुढे वाच."

तेवढ्यात शालनने हात वर केला. "गप. ऐका." झाडीपलीकडून, उताराच्या बाजूने, बारीक आवाज येत होता. तीन ठोके नीट. चौथा घशात अडकलेला.

"आमची गिरणी," मी म्हणाले, आणि पळतच सुटले. पाठीमागून तेराजणी आणि बाई. जाळ्यांमधून, परकर फाटत, दगडांवरून घसरत आम्ही एकदम भिंतीला येऊन थडकलो. तीच काळी भिंत, पण आतली बाजू, जी मी कधी पाहिली नव्हती. पलीकडे आमचं गाव. कुणीतरी बैलांना हाकत होतं, तेही ऐकू येत होतं.

"हाक मारू का?" एकीने विचारलं. "विमलचं काका येतील शिडी घिऊन."

मोह फार झाला. पण बाई म्हणाल्या, "हाक मारली तर पाच मिनिटांत गावाला कळेल की मुली हरवल्या होत्या. आपण भिंतीच्या आत आहोत. दरवाजाही भिंतीतच आहे. फक्त कोणत्या बाजूला, ते हवं."

मी मान वर करून भिंतीच्या माथ्यावर पाहत चालू लागले. पन्नास पावलांवर तो दिसला, हातभर उंच उभा दगड. त्यावर आतूनही खुणा होत्या. एका बाजूला चंद्रकोर, दुसऱ्या बाजूला नांगर. माझ्या घशातून हसू फुटलं. "बाई, हा आमचा सांधा. इथून नांगरवाले, मग पणतीवाले, मग मासेवाले, मग दरवाजा. डाव्या हाताला."

"डाव्या हाताला चंद्र हाय की गं," शालन म्हणाली. "नांगर उजवीकडं हाय. आतनं बगतीयास तू, येडे."

बरोबर होतं तिचं. आयुष्यभर बाहेरून पाहिलेली भिंत मी आतून तशीच वाचत होते. आम्ही उजवीकडे वळलो आणि भिंतीला हात लावत जवळजवळ धावत निघालो. नांगर संपला, पणती आली. पणतीवाल्यांचे दगड खरंच लाडवासारखे होते, आणि मला मान्य करावं लागेल, आमच्यापेक्षा मजबूत. वाटेत भिंतीच्या पायथ्याशी लांडोरींचा एक थवा उठला, आणि एवढ्या घाईतही सगळ्या थांबल्या. मासा आला तेव्हा मुली ओरडायला लागल्या, जणू शर्यत लागली होती. भीती कुठे गळून पडली कुणास ठाऊक. मला आजवर कुठल्याही सहलीत एवढी मजा आलेली नाही, आणि तुमच्या आजोबांबरोबर मी अर्धा भारत पाहिला आहे.

धाकट्या दरवाजाबाहेर शाळेने ठरवलेला ट्रक उभा होता. ट्रकच्या चाकाला टेकून शिपाई दगडूमामा बसले होते, मांडीवर ऑफिसातलं गजराचं घड्याळ. त्यांच्यावर वेळ बघण्याची कामगिरी होती. घड्याळात सव्वाचार वाजले होते.

मुलं आणि हेडसर कुठेच नव्हते.

"त्ये न्हाई आलं अजून," दगडूमामा म्हणाले. "चारला येणार हुते." त्यांनी आमचे फाटलेले परकर पाहिले, बाईंचा चेहरा पाहिला, आणि अटीची गोष्ट त्यांना ठाऊकच होती. आम्ही त्यांना उरलेल्या दशम्या दिल्या. पाच वाजले. सव्वापाच. बाई आता आमच्यासाठी नाही, मुलांसाठी दरवाजाकडे पाहत होत्या. साडेपाच व्हायच्या सुमाराला आतून आवाज आले आणि हेडसर बाहेर आले. टोपी हातात, धोतराला कुसळं, मागे तीस मुलं आणि दोन सर, एकही तोंड वर करून बघेना. त्यांनी आम्हाला ट्रकजवळ ओळीने बसलेलं पाहिलं. मग दगडूमामांना विचारलं, "मुली किती वाजता आल्या?"

दगडूमामांनी घड्याळ उपरण्यात गुंडाळलं. "तीनला की सर. ठोक्याला."

मी खाली मातीकडे पाहिलं. सगळ्याजणी मातीकडे पाहत होत्या. आता कुणी काही बोललं नाही तर सगळं मिळालं होतं. पुढची सहल, त्याच्या पुढची, सगळ्या.

"नाही सर," मगदूमबाई म्हणाल्या. "सव्वाचार. वाट चुकलो."

मला उभं राहायचं नव्हतं, पण मी उभी होते. "बाई नाही चुकल्या सर. त्या बरोबर चालल्या होत्या. मी त्यांना गोमुख ओलांडू दिलं नाही. म्हणून अर्ध्या फेरीने आम्ही उलट्या वाटेला लागलो." वही मी पुढे धरली, का ते मलाही सांगता येणार नाही.

हेडसरांनी वही घेतली नाही. ते सोमवारचा उपास करणारे गृहस्थ होते, कपाळावर भस्माची बोटं. त्यांनी मागे वळून त्या दोन सरांकडे पाहिलं. दरवर्षी मुलांना तेच दोघे न्यायचे, हेडसर यंदा पहिल्यांदाच बरोबर गेले होते. एक सर बुटातला खडा काढायला वाकले. मुलांमधून कुणीतरी फिसकन हसलं आणि मला उमगलं, त्यांनाही गोमुखापाशी कुणीतरी थांबवलं होतं, आणि तो कोण असणार हेही.

"ओलांडायचं नसतंच ते," हेडसर शेवटी म्हणाले. मग विचारलं, "तुम्ही बाहेर कशा आलात?"

मी भिंतीवरच्या खुणा सांगितल्या. नांगर, पणती, मासा. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. त्यांनाही भिंत लागली होती, असं नंतर मुलांकडून कळलं. ते तिच्या कडेने उलट्या दिशेला निघाले आणि जवळजवळ सगळ्या डोंगराला वळसा घालून आले. त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

"मगदूमबाई, तीनची अट तुम्ही पाळली नाही."

"नाही सर."

"पुढच्या वर्षी एक तास मागे-पुढे करायला नको. मुलांनाही तुमच्या बरोबरच पाठवीन म्हणतो. न्याल?"

बाईंनी त्या तीस धुळीने भरलेल्या मुलांकडे, एकेकाकडे, सावकाश पाहिलं. "मागे चालणार असतील तर नेईन," त्या म्हणाल्या, आणि आम्हाला ट्रकमध्ये चढायची खूण केली.